मदत हवी आहे: जॉर्डनची ग्रुप टूर आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरकडचे. भातकापणी आटोपल्यावर आणि आंब्याला मोहोर धरायच्या आत, म्हणजे नोव्हेंबरात, आई-बाबांना घेऊन जॉर्डनच्या ग्रुप टूरला जायचं घाटतंय. अम्मान, जेराशचे रोमन अवशेष, पेट्रा, वादी रमच्या वाळवंटात तंबूत एक रात्र, शेवटी मृत समुद्र.

अडचण पेट्राची. आई ६८ वर्षांची, गुडघे कुरकुरतात. दगडात कोरलेली ती 'खजिना' नावाची प्रसिद्ध वास्तू बघायला सिक नावाच्या अरुंद घळीतूनच सव्वा किलोमीटर चाल, आणि तेवढीच परत. वर डोंगरातल्या देइर नावाच्या दुसऱ्या कोरीव वास्तूला तर ८००च्या आसपास पायऱ्या! ते आईपुरतं सोडूनच दिलंय. पण घळीतून बॅटरीवरची गाडी जाते म्हणतात, ती आधी सांगून ठेवावी लागते का? आणि गाइड मागे पडलेल्यांसाठी थांबतो, की झेंडा उंच करून पुढे? (मागची एक सहल आमची त्या झेंड्यामागे धावण्यातच गेली.)

दुसरं, वाळवंटातली रात्रीची थंडी. आमच्याकडे स्वेटर म्हणजे पेटीच्या तळाशी डांबरगोळ्यांसोबत पडलेली वस्तू. तंबूत पांघरुणं पुरेशी देतात का? संडास तंबूला लागून असतो का? आईला रात्री दोनदा उठावं लागतं.

बाबांना यातल्या कशाचीच फिकीर नाही. मृत समुद्रात बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही, हे ऐकल्यापासून त्यांना फक्त तेच करून बघायचंय.

वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा. अ‍ॅडव्हान्स रविवारपर्यंत भरायचाय.