उभ्या गाडीची बॅटरी उतरते, फ्यूज काढूनही करंट चालूच – मदत हवी आहे

मंडळी, गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, राहायला मुलुंड. ऑफिसला लोकलने जातो, त्यामुळे आठवडाभर गाडी सोसायटीच्या स्टिल्टमध्ये उभी असते. शनिवार-रविवारी चावी फिरवली की सेल्फ नुसता टकटक करतो. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, याच वर्षी घेतलेली. आईला तपासणीसाठी परळला न्यावं लागतं, कधी अचानक रात्रीही निघावं लागतं, म्हणून हे लवकर मार्गी लावायचं आहे.

बॅटरीवाल्याने लोड टेस्ट केली आणि बॅटरी ओके आहे, गाडी रोज चालवा, असं सांगितलं. संध्याकाळी एलबीएस रोडवर एसी, वायपर, हेडलाइट लावून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहायचं, त्यात बॅटरी कितीशी भरणार? आणि चांगली बॅटरी आठवडाभर उभ्या गाडीत टिकायलाच हवी. नवीन बॅटरी घालूनही त्रास तोच असेल, तर करंट कुठेतरी जातोय.

म्हणून मोजून पाहिलं. पूर्ण चार्ज करून, काही तास तशीच ठेवून १२.६ व्होल्ट. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी १२.४. इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे चार्जिंग होतंय.

मग मायनसची केबल सोडून टर्मिनल आणि केबलच्या मध्ये मल्टीमीटर लावला, १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये. ड्रायव्हरच्या दाराचं लॅच आधीच स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवलं, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटतं आणि आतला फ्यूज बॉक्स हाताशी राहतो. चावी लांब ठेवली. सुरुवातीला आकडा बराच वर होता, मग एकेक मॉड्यूल (गाडीतले छोटे कंप्युटर) झोपत गेलं तसा उतरला आणि ०.३५ अँपिअरवर अडकला. पाऊण तास थांबलो तरी खाली येईना. ०.०५ पर्यंत चालतं. ०.३५ म्हणजे दिवसाला ८.४ अँपिअर-अवर, चार दिवसांत बॅटरी जवळजवळ रिकामी. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं.

पहिला संशय म्युझिक सिस्टीमवर होता, कारण ती बाहेरून बसवलेली. तिचा फ्यूज काढला तर जेमतेम ०.०१ कमी झाला. मग आतले सगळे, बॉनेटखालचे छोटे सगळे फ्यूज एकेक करून काढले. तरी ०.३१ शिल्लक! डिकीचा दिवा बंद होतो, मोबाइल आत ठेवून रेकॉर्डिंग करून खात्री केली. शेजारचे काका फास्टॅगवर संशय घेत होते, पण त्याला गाडीची वायरच नसते, तो टोलच्या रीडरच्या लहरींवर चालतो. पावसात उंदीर वायरी कुरतडतात म्हणून टॉर्च घेऊन खालूनही पाहिलं, कुठे उघडी वायर दिसली नाही.

आता प्रश्न असा, की फ्यूज बॉक्सला वळसा घालून बॅटरीवर थेट काय काय असतं? अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनित्र) डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गळत असेल, तर अल्टरनेटर न उतरवता कसं कळेल?

प्रतिसाद
छान मोजलंय, अर्धं काम झालं. थेट जाणारी मुख्य दोन: सेल्फची जाड केबल आणि अल्टरनेटरची. बाहेरून बसवलेले हॉर्न किंवा फॉगलॅम्पचे रिलेही बरेचदा थेट बॅटरीवर जोडतात, ते तपासा. तसं काही नसेल तर संशय अल्टरनेटरवरच. डायोड थोडा गळत असला तरी १४.२ दिसू शकतात, त्या आकड्यावर विसंबू नका. गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा सकाळी अल्टरनेटरला हात लावून बघा. शेजारचं इंजिन गार आणि तो कोमट, तर जवळजवळ नक्की.
खात्रीसाठी आधी बॅटरीचा मायनस पूर्ण सोडा, मगच अल्टरनेटरमागची जाड वायर काढा. ती थेट प्लसवर असते, पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतील. सुटं टोक टेपने नीट गुंडाळा आणि मीटर पुन्हा लावा. अशा अवस्थेत इंजिन अजिबात चालू करू नका.

धागाकर्ता
फॉगलॅम्प नाहीत, हॉर्न कंपनीचाच. सकाळी हात लावला, अल्टरनेटर खरंच कोमट होता. वायर काढून, फ्यूज जागेवर ठेवून, तेवढाच वेळ थांबून मोजलं: ०.०४. मनापासून आभार! गॅरेजवाला आता पूर्ण अल्टरनेटरच बदला म्हणतोय. नुसता डायोड बदलता येतो का?

प्रतिसाद
येतो. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे डायोड प्लेट बदलून मिळते. खोललाच आहे तर कार्बन ब्रश आणि बेअरिंगही बघायला सांगा. बसवल्यावर त्याच्यासमोरच मीटर लावा, आकडा ०.०५ च्या खाली आला की मगच पैसे द्या. तोवर गाडी उभी करताना मायनस सोडून ठेवा.