कारवान पिल्लू, वय ९ आठवडे: खाणं आणि पट्ट्याची सवय, सल्ला हवा

माळरान
नमस्कार मंडळी. लातूरकडचं कारवान (शिकारी कुत्र्यांची एक जात) पिल्लू पुण्यात फ्लॅटवर आणलं आहे. नर, ९ आठवडे, वजन ४ किलो. जंताचं औषध एकदा झालंय, लसीचा पहिला डोस झालाय. आजवर दूध-भाकरीच्या काल्यावर वाढलाय. भूक चांगली, खेळतो, पण शी पातळ. बरगड्या दिसतात म्हणून जो तो कॅल्शियमचं सिरप सुरू करा म्हणतो. गळ्यात पट्टा घातला की खाजवत बसतो, दोरी लावली की चारही पाय रोवतो, आणि जरा ओढलं की मान मागे घेऊन पट्ट्यातून सुटतो. काय, किती आणि किती वेळा खायला द्यावं? पट्टा कोणता घ्यावा आणि चालायला शिकवायची सुरुवात कुठून करावी?

बाभूळबन
आधी दूध बंद करा. आईचं दूध सुटत जातं तसं पिल्लाचं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवण्याचं बळ कमी होतं. न पचलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं आणि शी पातळ होते. शिवाय गाईच्या दुधात लॅक्टोज कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त असतं. भाकरीची अडचण वेगळी आहे. ज्वारीत १०० ग्रॅममागे १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. वाढत्या पिल्लाला कोरड्या खाद्याच्या हिशेबाने किमान २२ टक्के तरी लागतात. काल्याने पोट भरतं, पण अंग धरायला तो पुरत नाही.

बदल एकदम करू नका. पहिले २ दिवस पाव भाग पिल्लांचं कोरडं खाद्य आणि पाऊण भाग भाकरी, पण भाकरी दुधाऐवजी कोमट पाण्यात कुस्करलेली. पुढचे ३ दिवस निम्मं-निम्मं, मग ३ दिवस पाऊण आणि पाव, त्यानंतर पूर्ण नवं. मध्येच शी बिघडली तर आधीच्या प्रमाणावर परत जाऊन २ दिवस थांबा, मग पुढे चला.

किती द्यायचं ते वजनावरून काढता येतं. ४ × ४ × ४ = ६४. त्याचं वर्गमूळ ८, पुन्हा वर्गमूळ २.८३. त्याला ७० ने गुणलं की १९८ कॅलरी, ही नुसत्या विश्रांतीची गरज. ४ महिन्यांच्या आतल्या पिल्लाला याच्या तिप्पट, म्हणजे दिवसाला ५९० च्या आसपास. ४ महिन्यांनंतर दुप्पट धरा. पिल्लांच्या बऱ्याच कोरड्या खाद्यात १०० ग्रॅममागे ३८० कॅलरी असतात, तेव्हा दिवसाचं खाद्य साधारण १५५ ग्रॅम. तुमच्या पिशवीवर आकडा वेगळा असेल तर तो घ्या. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. वाटीने मोजलं की खाद्याच्या दाण्याचा आकार बदलताच अंदाज चुकतो.

हे १५५ ग्रॅम सकाळीच एका डब्यात मोजून ठेवा. त्यातले ३० ग्रॅम एका वेळेला, असं ४ वेळा. उरलेले ३५ ग्रॅम पट्ट्याच्या सरावासाठी. सरावाचा खाऊ वेगळा आणलात की पिल्लू वाटीतलं सोडायला लागतं, आणि मग घरातले तूप-भात कालवून आर्जवं करत बसतात. खाणं आणि शिकवणं एकाच डब्यातून झालं पाहिजे, माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे.

दर आठवड्याला वजन करून हिशेब नव्याने मांडा. ३ महिन्यांनंतर ३ वेळा, ६ महिन्यांनंतर २ वेळा. खाद्य कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं भिजवा, वाटी २० मिनिटांनी उचला. पिण्याचं पाणी मात्र कायम समोर असू द्या. दुकानात पोतं फोडून किलोवर सुटं विकतात ते खाद्य घेऊ नका. पावसाळ्यात त्याला बुरशी लागते आणि चरबी खवट होते. छोटी बंद पिशवी आणून तीच पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

रानतुळस
सिरपबद्दल. पूर्ण आहार म्हणून विकलेल्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. मोठा कुत्रा जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवतो, लहान पिल्लाला ते जमत नाही. जे येईल त्यातलं बरंचसं अंगात शिरतं आणि लांब हाडांची वाढ बिघडते. कारवानसारख्या उंच पायांच्या कुत्र्यात हा धोका पत्करण्यासारखा नाही. सिरप नको.

बरगड्यांचं म्हणाल तर कारवानात शेवटच्या दोन-तीन बरगड्यांची रेघ दिसणं ठीकच आहे. हात फिरवून बघा. पाठीचे मणके आणि कमरेची हाडं टोचत असतील तरच तो बारीक. पण बरगड्या वर आलेल्या आणि पोट मात्र सदा फुगलेलं असेल तर आधी जंतांचा विचार करा. पिल्लांना जंताचं औषध २ आठवड्यांच्या वयापासून दर १५ दिवसांनी देतात, त्यामुळे एका डोसवर थांबू नका. ताज्या शीचा नमुना डब्यात घालून डॉक्टरांकडे न्या, त्यात कॉक्सिडिया आणि जिआर्डिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवीही तपासायला सांगा. दूध बंद करूनही ३-४ दिवसांत शी बांधून आली नाही तर बहुधा यांतलंच काही असतं. उलटी, शीत रक्त किंवा मलूलपणा दिसला तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना. या वयात पार्वो हा विषाणूचा आजार फार झपाट्याने अंगातलं पाणी कमी करतो.

माळरान
खूप उपयोगी. घरात चिकन-भात रोज होतो. कोरड्या खाद्याऐवजी पूर्ण घरचंच दिलं तर?

रानतुळस
पूर्ण घरचं चालतं, पण नुसता चिकन-भात चालत नाही. १०० ग्रॅम बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या घरात आणि कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम. शरीराला हवं असतं कॅल्शियम थोडं जास्त आणि फॉस्फरस थोडा कमी. ही तूट शरीर हाडांतून भरून काढतं. महिन्या-दोन महिन्यांत पिल्लू लंगडतं, पाय वाकतात, साध्या उडीत हाड मोडतं.

घरच्या जेवणात १००० कॅलरींमागे ३ ग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे तुमच्या पिल्लाला दिवसाला पावणेदोन ग्रॅम. अंड्याचं टरफल उकळून, वाळवून मिक्सरमध्ये अगदी मऊ दळलं तर ५ ग्रॅम पुडीत जवळजवळ तेवढं मिळतं. हे फक्त संपूर्ण घरच्या जेवणासाठी, कोरड्या खाद्यावर पुडी घालायची नाही. आणि कॅल्शियम सुटलं तरी जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व उरतंच. त्याचं प्रमाण पशुआहाराची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते होईपर्यंत कोरडं खाद्य मुख्य ठेवा आणि उकडलेलं चिकन किंवा अंडं दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांपर्यंत. पूर्ण अंडं ७० कॅलरींचं, म्हणून अर्धंच.

कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे गोड पदार्थ अजिबात नाहीत. रश्श्यातलं मटण धुऊन दिलं तरी कांद्याचा अंश त्यात मुरलेला असतो. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात, तीही नकोत.

शिंगरू
आता पट्टा. कारवानची मान डोक्यापेक्षा रुंद, त्यामुळे साधा बकलचा पट्टा मागे सरकला की कानांवरून निघतोच. घट्ट आवळणं हा उपाय नव्हे, पिल्लाचा श्वास कोंडेल. शिकारी कुत्र्यांसाठी मार्टिंगेल पट्टा येतो. त्यात एक छोटं जास्तीचं कडं असतं, ताण आला की ते मानेएवढंच आवळतं आणि ताण गेला की सैल होतं. कापडी आणि किमान दीड इंच रुंद घ्या. पूर्ण ओढला गेला तरी दोन बोटं आत गेली पाहिजेत. तो फक्त सरावापुरता घालायचा, कारण घरात एकटं असताना कडं खिळ्याला किंवा दाराच्या कडीला अडकू शकतं. दर आठवड्याला माप बघा, या वयात मान भराभर वाढते. साखळीचा फास किंवा काटेरी पट्टा नको. बटण दाबून लांब होणारी दोरीही नको. तिच्यात सतत थोडा ताण असतो, त्यामुळे ओढलं की पुढे जाता येतं एवढंच पिल्लू शिकतं.

पहिले ३ दिवस फक्त पट्टा. वाटी खाली ठेवायच्या आधी घालायचा, खाणं संपलं की काढायचा. तोंड खाण्यात असलं की खाजवायचं सुचत नाही. मधे खाजवायला लागला तर लक्ष दुसरीकडे वळवा, आणि थांबल्यावर काढा. खाजवतानाच काढलात तर खाजवलं की पट्टा जातो असा अर्थ तो घेतो.

चौथ्या दिवसापासून ४-५ फुटांची हलकी दोरी. ती घरात मोकळी ओढत फिरू द्या, तुमचं लक्ष असतानाच. मग टोक हातात घ्या, पण ओढायचं नाही. गळ्याला ताण आला की अंग आपोआप उलट्या दिशेला जोर लावतं, म्हणून तो पाय रोवतो. दोरी सैल सोडा, दोन पावलं पुढे जाऊन खाली बसा, हाक मारा. एक पाऊल टाकलं तरी खाद्याचा दाणा. दाणा नेहमी तुमच्या डाव्या पायाच्या शिवणीजवळ, त्याच्या नाकाच्या उंचीवर द्या. हात समोर धरलात तर पिल्लू आडवं येऊन पायात घुटमळतं. पहिल्या दिवसांत दर पावलाला, मग दर तीन पावलांना, मग कधी दोन, कधी सात. त्याने पुढे ओढलं की तुम्ही जागच्या जागी थांबा. दोरी सैल झाली की लगेच चाला. घरातल्या सगळ्यांनी हाच नियम पाळायला हवा. एकाने जरी ओढू दिलं तरी शिकणं लांबतं.

२-३ मिनिटं पुरे, दिवसातून ४-५ वेळा, जेवणाच्या आधी. पोट भरलेल्या पिल्लाला दाण्याचं काही वाटत नाही. जेवणानंतर ५ ते १५ मिनिटांत शीला न्यायचं, तेव्हा सराव नको.

बाभूळबन
रस्त्यावर कधी, ते राहिलं. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या आवारातली माती, गवत, दुसऱ्या कुत्र्यांची शीची जागा टाळा. डोस ३-४ आठवड्यांच्या अंतराने, शेवटचा १६ आठवड्यांच्या आसपास. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर. पण तोवर घरात कोंडूही नका. जगाची भीती मोडायचा काळ साधारण १२ ते १४ आठवड्यांपर्यंतच असतो. रोज कडेवर घेऊन खाली न्या. रिक्षा, लिफ्ट, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, मुलांचा गलका, हे सगळं लांबून दिसू द्या आणि प्रत्येक वेळी एक दाणा. चालायचा सराव घरात, जिन्याबाहेरच्या स्वच्छ फरशीवर.

माळरान
समजलं. शेवटचा प्रश्न: मोठा झाल्यावर टेकडीवर मोकळा सोडता येईल का?

शिंगरू
उघड्या माळावर नाही. कारवान नजरेने शिकार धरतो. ससा किंवा मांजर हललं की हाक कानात शिरत नाही, आणि रस्त्यापर्यंत जायला त्याला काही सेकंद पुरतात. १० मीटरची लांब दोरी घ्या, पण ती पट्ट्याला लावू नका, धावत्या वेगात मानेला जबर झटका बसतो. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा आणि खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्या, दोरी त्याच्या पाठीवरच्या कडीला. हार्नेसची सवयही आत्तापासून तशीच, जेवणाच्या वेळी घालून. मोकळं पळायला उंच कुंपणाची जागा शोधा. पाच फुटांचं कुंपण मोठा कारवान सहज ओलांडू शकतो, तेव्हा सहा फुटांच्या खाली नको.