मासळीत बंदीच्या औषधांचे अंश : नमुने किती, चाचणी कोणती?

खानावळ_पुरवठा : नागपुरात तीन वसतिगृहांना रोहू, कटला, पंगस देतो. निम्मा माल आंध्रातून बर्फात येतो, थोडा गोसीखुर्दचा. मरळ टबातून जिवंत घेतो. नव्या कंत्राटात बंदी असलेल्या औषधांचा तपास मागितलाय. लॅबचं कोटेशन एका ओळीचं : ‘अँटिबायोटिक पॅनेल’. तिमाहीला 10 नमुने पुरतील का? आणि मे महिन्यात ते लॅबपर्यंत न्यायचे कसे?

एलसीएमएस_वाला : भाऊ, त्या एका ओळीवर पैसे टाकू नका. नेमके घटक लिहून मागा.

मॅलाकाइट ग्रीन (बुरशी मारायला वापरतात तो हिरवा रंग) यासोबत ल्यूकोमॅलाकाइट ग्रीन हवंच. माशाच्या अंगात हिरवा रंग लवकर उतरतो आणि बिनरंगी ल्यूको रूप चरबीत महिनोन्‌महिने राहतं. नुसतं मॅलाकाइट तपासलं तर रिपोर्ट स्वच्छ येतो, मासा नसतो. क्रिस्टल व्हायोलेट, म्हणजे तसाच जांभळा रंग, आणि त्याचं ल्यूको रूपही जोडा.

नायट्रोफ्युरान या अँटिबायोटिक गटाचं तसंच. त्यातलं मूळ फ्युराझोलिडोन काही तासांत संपतं, म्हणून चाचणी मेटाबोलाइटची, म्हणजे औषध शरीरात मोडून उरणाऱ्या अंशांची : एओझेड, एएमओझेड, एएचडी, एसईएम. हे प्रथिनांना चिकटलेले असतात. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि 2-नायट्रोबेन्झाल्डिहाइड घालून 37 अंशांवर रात्रभर ठेवावं लागतं. ‘सकाळी द्या, संध्याकाळी रिपोर्ट’ म्हणणाऱ्याला ही पायरी करता का, एवढंच विचारा. चौथं क्लोरॅम्फेनिकॉल, हेही अँटिबायोटिक.

लॅबची पकड, म्हणजे कमीत कमी किती अंश तिला दिसतो, ती किती असावी? युरोपात 28 नोव्हेंबर 2022 पासून कारवाईची पातळी क्लोरॅम्फेनिकॉलला 0.15, प्रत्येक नायट्रोफ्युरान मेटाबोलाइटला 0.5, मॅलाकाइट आणि ल्यूको मिळून 0.5 मायक्रोग्रॅम प्रति किलो आहे. लॅबची पकड 10 असेल तर ‘आढळले नाही’ या शब्दांना किंमत नाही. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) हिच्या यादीत त्या लॅबच्या नावावर हे घटक ‘मासा’ या पदार्थासाठी आहेत का, तेही बघा.

तळ्यावरचा : 10 नमुन्यांचा हिशोब करून बघा. दहातली एक खेप दूषित असेल तर दहाही नमुने स्वच्छ निघण्याची शक्यता 35 टक्के. 95 टक्के खात्रीला 29 लागतात. एवढा खर्च झेपत नसेल तर नमुने सारखे वाटू नका, पंगस आणि टबातल्या मरळीवर जास्त लावा. एक ट्रक किंवा एक तळं म्हणजे एक खेप. दोन खेपांचा माल एका पिशवीत मिसळू नका.

खवले काढा, कातडी राहू द्या. पाठीचं मांस कातडीसकट किमान 500 ग्रॅम. मासे छोटे असतील तर एकाच खेपेतले पाच-सहा एकत्र. हळद-मीठ, बेसन, मैदा लावलेला तुकडा अजिबात नको : मैद्यात अझोडायकार्बोनामाइड असेल तर एसईएम खोटंच लागतं. पिशवीवर शिसपेन्सिलीनं लिहा. जांभळी शाई, शिक्क्याची शाई म्हणजे बरेचदा क्रिस्टल व्हायोलेटच, आणि ओल्या हातानं ती मांसाला लागते.

नमुना काळ्या पिशवीत, कारण मॅलाकाइट उजेडात विरतं. आधी उणे 20 ला दगडासारखा गोठवा, मग थर्माकोल पेटी, जेल पॅक. मेच्या 45 अंशांत पेटी दुपारी कुरिअरवाल्याच्या टेम्पोत पडून राहायला नको. रात्रीची गाडी धरा. शुक्रवारी तर पाठवूच नका.

खानावळ_पुरवठा : मागचा एक रिपोर्ट सापडला. मरळ : ल्यूको 1.8, मॅलाकाइट ‘आढळले नाही’. दोष टबवाल्याचा?

एलसीएमएस_वाला : बहुधा नाही. टबात नुकतंच औषध पडलं असतं तर मूळ मॅलाकाइटही दिसलं असतं. नुसतं ल्यूको म्हणजे सहसा जुनी गोष्ट : हॅचरीत अंड्यांवरची बुरशी मारायला किंवा बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लांच्या) वेळी वापर. टबवाल्याशी भांडण्याआधी बीज कुठलं ते विचारा. टबाच्या पाण्याचा नमुना घेऊन उपयोग थोडा, रंग उन्हात उडतो.

तळ्यावरचा : एक राहिलं. हा रिपोर्ट तुमच्या खरेदीपुरता. पुढे तक्रार करायची असेल तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 खाली ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडे नमुना देऊ शकतो. मात्र विक्रेत्याला विकत घेतानाच तसं सांगावं लागतं. घरी आणल्यावर आठवलं तर गेलं.