फ्रेंचमधील दर्शक सर्वनामे: मराठी 'हे'साठी नेमका कोणता शब्द?

अंत्रुजकर:
नमस्कार. मी फोंडा तालुक्यात राहतो आणि पर्यटकांना इथली देवळे व जुने गोवे दाखवण्याचे काम करतो. शाळेत फ्रेंच घेतले होते, त्याच्या बळावर आता फ्रेंच पाहुण्यांशी बोलू लागलो आहे. बाकी व्याकरण रेटून नेता येते, परंतु 'सलुई', 'सेल', 'सा' आणि 'सला' या शब्दांपाशी मी हमखास अडखळतो. परवा मंगेशीच्या देवळासमोर उभे राहून 'आणि ते कवळ्याला आहे ते शांतादुर्गेचे' असे सांगताना मी 'सला द शांतादुर्गा' म्हणालो. पाहुण्या बाईंनी हसतच 'सलुई' अशी दुरुस्ती केली. मराठीत देऊळ नपुंसकलिंगी आहे, आणि 'सला' म्हणजे 'ते' असेच मी शिकलो होतो, मग चूक कुठे झाली? शिवाय याच बाईंनी बाझिलिक (फ्रेंचमध्ये बॅसिलिका, म्हणजे मोठे चर्च) पाहताना 'से बो', म्हणजे 'हे सुंदर आहे', असे म्हटले. बाझिलिक स्त्रीलिंगी असताना तिथे पुल्लिंगी रूप कसे चालले? उच्चार मी देवनागरीत लिहिले आहेत, ते सांभाळून घ्यावेत.

मांडवीकाठ:
पणजीत मी काही वर्षे फ्रेंच शिकवते आहे आणि ही चूक मराठी विद्यार्थ्यांकडून इतक्या वेळा ऐकली आहे की तिचे मूळ मराठीच्या 'हे' आणि 'ते'मध्येच आहे, असे माझे मत झाले आहे. आपले 'हे' एकाच वेळी दोन कामे करते. 'हे देऊळ जुने आहे, ते नवे' यात ते एका नाव असलेल्या वस्तूकडे बोट दाखवते. 'हे मला पटत नाही' यात मात्र त्याच्यामागे कोणतेही नाम नसते, एखादी गोष्ट किंवा अख्खे म्हणणेच असते. फ्रेंचने ही दोन कामे वेगळी केली आहेत. मागे नाम उभे असेल, तर त्या नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे 'सलुई', 'सेल' किंवा अनेकवचनी 'स्यो', 'सेल' यांतले रूप घ्यावे लागते. मागे नाम नसेल तरच 'सा', आणि औपचारिक लेखनात 'सला'. आपल्या मनात देऊळ होते, ते फ्रेंचमध्ये 'तांप्ल', म्हणजे पुल्लिंगी, म्हणून 'ल तांप्ल द मंगेशी ए सलुई द शांतादुर्गा'. चर्चही मराठीत नपुंसकलिंगीच, पण फ्रेंचमध्ये 'एग्लीझ' स्त्रीलिंगी, म्हणून 'लेग्लीझ द पणजी ए सेल द मडगाव'. मराठी लिंगावरून फ्रेंच लिंगाचा अंदाज बांधणे सोडून द्या; आंबा आपल्याकडे पुल्लिंगी असला तरी 'मांग' तिकडे स्त्रीलिंगी आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि पाठ्यपुस्तके ती एका ओळीत उरकतात. 'सलुई' एकटा उभा राहू शकत नाही. मराठीत 'शांतादुर्गेचे' एवढ्यावर भागते, कारण 'चे' या प्रत्ययातच लिंग आणि वचन आलेले असते. फ्रेंचच्या 'द'मध्ये ते नसते, त्यामुळे त्याच्या आधी नामाची जागा धरणारा शब्द लागतो. म्हणून 'सलुई'च्या मागून 'द' येते, किंवा 'की', 'क', 'दों' यांसारखे संबंधी सर्वनाम येते, किंवा मग 'सी' अथवा 'ला' जोडावे लागते. यातला 'सी' म्हणजे 'इसी', इथे. 'ला' म्हणजे तिथे. 'सलुई-सी' हा जणू आपला 'हा इथला'. बोलताना मात्र फ्रेंच लोक जवळच्या वस्तूलाही सर्रास 'सलुई-ला' म्हणतात, त्याने गोंधळून जाऊ नये. माणसाबद्दल तो शब्द जपून वापरावा. स्वर थोडा चढला की त्यात तुच्छता डोकावते.

'से बो'चे उत्तर सोपे आहे. त्यातला 'स' बाझिलिकचा नसून समोरच्या एकूण दृश्याचा आहे, आणि त्याच्या पुढचे विशेषण नेहमी पुल्लिंगी एकवचनीच राहते. बाझिलिकविषयीच बोलायचे असेल तर 'एल ए बेल'.

साष्टीकर:
बाईंनी सांगितलेले योग्यच आहे. मी केवळ पोर्तुगीजच्या बाजूने भर घालतो, कारण १९६१ पूर्वी माझे सुरुवातीचे शिक्षण पोर्तुगीज शाळेत झाले आणि फ्रेंच मी निवृत्तीनंतर हाती घेतली. ज्यांच्या घरात अजून पोर्तुगीज कानावर पडते, त्यांना 'इश्तु', 'इसु', 'अकीलु' हे नामाशिवायचे शब्द ठाऊक असतात, त्यामुळे फ्रेंचच्या 'सा'ची जागा त्यांना चटकन कळते. पण हीच पोर्तुगीज पुढे दगा देते. तिथे 'शांतादुर्गेचे' म्हणायला नुसते उपपद पुरते, 'उ द शांतादुर्गा'. त्या सवयीने मी फ्रेंचमध्ये महिनोन्महिने 'ल द' असे बोलत राहिलो, आणि समोरचा माणूस पुढचे नाम केव्हा येते याची वाट पाहत थांबायचा.

अंत्रुजकर:
दोघांचेही आभार. 'जो कवळ्याला आहे तो' ही आपली 'जो-तो'ची जोडीही इथे उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हे वाक्य केले: 'सलुई-सी की स त्रूव आ कवळे'. बरोबर आहे का? आणि 'स्यो'चा उच्चार मला अजून जमत नाही.

मांडवीकाठ:
जोडी अगदी योग्य शोधली आहे, फक्त फ्रेंचमध्ये क्रम उलटा, 'तो' आधी आणि 'जो' नंतर. मात्र 'की' आल्यावर 'सी' गाळावा. कोणते देऊळ ते 'की'च्या पुढचा मजकूरच सांगतो, म्हणून 'सलुई की स त्रूव आ कवळे' एवढेच. 'स्यो'साठी ओठ 'ओ' म्हणताना होतात तसे गोल ठेवून आतून 'ए' म्हणून पाहा. स्त्रीलिंगी एकवचन आणि अनेकवचन यांचा उच्चार एकच, फरक फक्त लिहिताना दिसतो, तेवढा त्रास वाचला. देवळे आणि चर्चे यांचा एकत्र उल्लेख असेल, तर तिथे 'स्यो'च लागेल, हेही आताच वहीत लिहून ठेवा, कारण आपल्या कामात ती वेळ रोज येणार आहे.