विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून धडधाकट लॅपटॉप भंगारात का?

धागाकर्ता: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट बंद झाली. आमच्याकडे २०१७ मध्ये घेतलेला ब्रँडेड लॅपटॉप आहे: सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणून दुकानदार म्हणाला, "नवीनच घ्या." मी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. बाबा त्यावर बँकेची कामं, यूट्यूब, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टायपिंग सगळं करतात. अपडेट २०२९ पर्यंत मिळतील. चालतं यंत्र टाकून देणं मला पटत नाही.

डीटीपीवाला: घरी ठीक आहे हो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फायली श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये, आणि काम कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर. ते लिनक्ससाठी येतच नाही. लिनक्सवर चालणाऱ्या इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून पाहिली, मांडणी हलली. लग्नपत्रिकेत एक जोडाक्षर फुटलं तर पाचशे पत्रिका माझ्या खर्चाने पुन्हा छापाव्या लागतात.

धागाकर्ता: तुमच्या धंद्याला ते लागू नाही, मान्य. मी घरच्या वापराबद्दल बोलतोय.

तिसरा प्रतिसाद: मला घरच्या वापरातच फटका बसलाय. नव्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही सिस्टिम ठेवायच्या होत्या. लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. कुठेतरी वाचून बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्कचा मोड रेडवरून (RAID) एएचसीआयवर (AHCI) नेला, आणि सिक्युअर बूट, म्हणजे फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी तपासणी, बंद केली. मग विंडोज बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद, म्हणजे एनक्रिप्ट, करणाऱ्या सोयीची) ४८ अंकी की मागायला लागलं! डिस्क आपोआप एनक्रिप्ट झालेली असते हे मला ठाऊकच नव्हतं. की ज्या खात्यात होती त्याचा पासवर्ड आठवेना. मुलीच्या बारावीच्या नोट्स गेल्या. "सोपं आहे, करून टाका" असं लिहिणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

धागाकर्ता: वाईट वाटलं वाचून. हे मी वरच लिहायला हवं होतं. आधी बॅकअप, बिटलॉकरची की कागदावर, मगच बायोसला हात. आणि इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह (डिस्कवर न चढवता) चालवून वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर स्लीप हे तपासायचं. वायफाय नाही लागलं तर फोनचं यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलने फोनचं इंटरनेट. तरी माझं मत तेच, निदान जुन्या मशीनपुरतं.

तिसरा प्रतिसाद: पुढे अडलं की बाबा तुम्हाला विचारतात. ज्यांच्या घरात विचारायला कोणी नाही त्यांनी काय करायचं? मी तरी कुणाला सुचवणार नाही.

डीटीपीवाला: दुकानात बिलांसाठीचा एक जुना पडून आहे, त्यावर पेनड्राइव्ह लावून बघतो. कोरलच्या मशीनला मात्र हात लावणार नाही.