कापडी छताला प्रेशर वॉशर नको

कन्व्हर्टिबल गाडीचं, म्हणजे छत घडी करून उघडता येणाऱ्या गाडीचं कापडी छत प्रेशर वॉशरने (जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने) झटपट साफ होतं, असं काही जण सुचवतात. कृपया तसं करू नका. जवळून मारलेल्या फवाऱ्याने शिवणी उसवतात, धागे पिंजारतात. कोरडी धूळ आधी व्हॅक्यूमने काढा, मग सौम्य शाम्पू आणि मऊ ब्रश. फेस पूर्ण निघेपर्यंत पाणी ओता. धुतलेल्या छतावर थेंब मण्यांसारखे घरंगळायला हवेत. ते कापडात मुरत असतील तर वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारायची वेळ झाली, पण छत खडखडीत वाळल्यावरच. ओलं असताना घडी तर अजिबात घालू नका, बुरशी धरते.

मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल तर अमोनियाचं क्लीनर टाळा, ती धुरकट होते.

आणि पाणी वाहून जायची भोकं! माझ्या गाडीत पाणी यायचं, तेव्हा महिनाभर मी रबरी सीलच तपासत होतो. शेवटी छताच्या घडीच्या कोपऱ्यात बोट घातलं, तर कुजलेल्या पानांचा काळा लगदा हाताला लागला. तिथलं तुंबलेलं भोक नायलॉनच्या जाड दोरीने हळूच मोकळं केलं. तार घालू नका, आतली नळी फाटते.