मागच्या एकाच दाराला चाइल्ड लॉक लावलं तर चालतं का?

नाशिकची_आई:
लेक साडेतीन वर्षांची. परवा द्वारका चौकात सिग्नलला थांबलो होतो, तर बाईसाहेबांनी हँडल ओढून दार सताड उघडलं. शेजारून रिक्षा सरकत होती. रिक्षावाल्यानेच हात लांब करून दार लोटलं. सेंट्रल लॉक लागलेलं होतं, मग उघडलं कसं? आता चाइल्ड लॉक (ते लावलं की मागचं दार आतून उघडत नाही) लावायचं म्हणतेय, तर घरात तीन मतं. नवरा म्हणतो, मागच्या काचा लॉक करायचं बटण दाबलंय ना, झालं की. सासरे म्हणतात, गाडीने पेट घेतला तर बाहेर कसं यायचं? सासूबाई पोरीशेजारीच बसतात. त्या म्हणाल्या, "मला कोंडून नेणार का?"

रस्ता_माझा:
दोन्हीकडे लावा आणि विषय संपवा.

पान्हा_बारा:
एवढा सोपा नाही विषय. माझं गॅरेज आहे, हा प्रश्न रोज येतो.

बऱ्याच गाड्यांत सेंट्रल लॉक बाहेरच्यांसाठी असतं. आतलं हँडल ओढलं की लॉक सुटतं, परत ओढलं की दार उघडतं. पोरं हे दोन दिवसांत शिकतात. काचांच्या बटणाचा दाराशी संबंध नाही. चाइल्ड लॉकचा खटका दाराच्या कडेला, लॅचजवळ असतो, दार उघडल्यावरच दिसतो. काही गाड्यांत किल्लीने फिरवायची खाच असते. तो लावला की फक्त आतलं हँडल निकामी होतं, बाहेरचं चालूच राहतं. आणि प्रत्येक दाराचा खटका वेगळा, म्हणून तुमच्या घरातलं भांडण मिटण्यासारखं आहे.

पोरीची सीट उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे घ्या. त्या दाराला लॉक. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे उजवं दार वाहत्या रस्त्यात उघडतं. बाइकवाले तिथूनच घुसतात. आजी डावीकडे, लॉक नाही, फुटपाथच्या बाजूला आपल्या आपण उतरतील. त्या उतरल्या की पोरीलाही त्याच दाराने काढा, तुम्हाला रस्त्यात उभं राहायला नको. पोर मात्र सीटच्या पट्ट्यात हवी. मोकळी असली तर सरकत आजीच्या दाराशी पोचेल.

लावल्यावर तपासा. काच आधी खाली घ्या, मग आत बसून दार लावून हँडल ओढा. उघडलं नाही तर काम झालं; काचेतून हात घालून बाहेरच्या हँडलने उघडा.

कॅबवाला_पुणे:
टॅक्सीत उलटा नियम आहे, बरं का. प्रवासी महिलांच्या सुरक्षेसाठी 1 जुलै 2019 पासून नव्या टॅक्सींना चाइल्ड लॉक नको, असा केंद्राचा आदेश आहे. खासगी गाडीला ते लागू नाही.

नाशिकची_आई:
आणि आगीचं काय? सासरे त्यावर अडून आहेत.

पान्हा_बारा:
त्यांची भीती खोटी नाही. पण लॉक एकाच दाराला आहे, आजींचं दार आतून उघडतंच. बाहेरून आलेल्या माणसालाही अडत नाही, फक्त सेंट्रल लॉक सुटलेलं हवं. साडेतीन वर्षांची पोर तशा वेळी स्वतः हँडल ओढून बाहेर येईल, यावर मी तरी भिस्त ठेवणार नाही. तिला मोठ्यांनीच काढायचं असतं.

नाशिकची_आई:
खटका सापडला, उजवीकडे लावला, सासरे गप्प. आता सासूबाई म्हणतात, डावीकडे ऊन लागतं.

पान्हा_बारा:
काचेला लावायचा जाळीचा पडदा मिळतो, तो आणा. उन्हासाठी जागा बदलू नका.